ब्लड कॅन्सर, ताप आणि पहिला तास : संशोधन कुठवर आलंय, सोलापुरात आपल्या हाती काय?

कल्चरवाली

सोलापुरात एका लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजी बघते. शहरातल्या आणि तालुक्यांतल्या दवाखान्यांतून येणाऱ्या ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, बाटल्या माझ्या टेबलावरून जातात. त्यांत ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरांचे पेशंट असतात. बाटली घेऊन आलेले नातेवाईक काउंटरवर थांबतात, बोलतात. त्या बोलण्यातूनच हा धागा काढायचं मनात आलं.

बहुतेकांचे प्रश्न एकाच दिशेचे. ती नवी कार-टी थेरपी (पेशंटच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची) आपल्याला मिळेल का, परदेशातली गोळी मागवता येईल का. विचारणारच, जिवाचा प्रश्न आहे. पण ल्युकेमियाचा पेशंट पहिल्या एक-दोन महिन्यांत दगावतो तो पुष्कळदा जंतूंमुळे. श्रीमंत देशांत एएलएल हा ल्युकेमियाचा प्रकार झालेल्या दहांतली नऊ मुलं बरी होतात. औषधं बरीचशी तीच, तरी आपल्याकडे हे प्रमाण कमी राहतं, आणि त्याच्या मोठ्या कारणांत इन्फेक्शनने होणारे मृत्यू आणि अर्धवट सुटलेले उपचार ही दोन आहेत. म्हणून माझं ठाम मत असं, की आपल्या जिल्ह्यातल्या पेशंटला सगळ्यात जास्त उपयोग होईल तो इन्फेक्शनवरच्या संशोधनाचा. त्यातलं कितीतरी होऊन गेलेलं आहे, स्वस्त आहे, फक्त रात्री दोन वाजता तालुक्याच्या गावात पोचलेलं नाही.

१९६६ साली अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या पेशंटांच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांची इन्फेक्शनं यांचा मेळ घालून दाखवला. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) हजाराच्या खाली गेले की धोका सुरू होतो, पाचशेच्या खाली वाढतो, शंभराच्या खाली तर फारच. किती दिवस खाली राहतात यावरही बरंच ठरतं. तुमच्या फाइलवर 'एएनसी' म्हणून जो आकडा लिहिलेला असतो तो हाच. त्या काळात स्यूडोमोनास हा जंतू रक्तात शिरला तर कल्चरचा रिपोर्ट यायच्या आतच पेशंट जायचे. १९७१ मध्ये बाल्टिमोरला स्टीफन शिंफ यांच्या गटाने ठरवलं, की ताप आला की रिपोर्टची वाट बघायचीच नाही. कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स लगेच सुरू. तेव्हापासून औषधं बदलत गेली, नियम तोच राहिला. आजच्या मार्गदर्शक सूचनांत तो 'साठ मिनिटांच्या आत पहिला डोस' असा असतो.

एवढी घाई का, हे नातेवाइकांना नीट सांगितलं जात नाही. न्यूट्रोफिलच नसतील तर पू होत नाही. न्यूमोनिया असून एक्सरे साफ दिसू शकतो. लघवीत पस सेल येत नाहीत. जखम लाल होत नाही. शरीराकडे ओरडायला एकच आवाज उरतो, आणि तो म्हणजे ताप. बाकी तपासण्या 'नॉर्मल' आल्या म्हणून निर्धास्त राहायचं नाही ते यासाठी.

आता आपल्या भागाचं. हे जंतू बाहेरून उडून येतात असा समज आहे. बरेचसे पेशंटच्या स्वतःच्या आतड्यातलेच असतात. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि तिथले ई. कोलाय, क्लेबसिएला रक्तात उतरतात. युरोप-अमेरिकेत बरीच वर्षं त्वचेवरच्या, शिरेत बसवलेल्या नळीतून (लाइनमधून) शिरणाऱ्या ग्राम-पॉझिटिव्ह गटातल्या जंतूंचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडे ई. कोलाय, क्लेबसिएलासारख्या ग्राम-निगेटिव्हचा जोर आहे, आणि त्यांतले कितीतरी मेरोपेनेम या जोरकस अँटिबायोटिकलासुद्धा दाद देत नाहीत. एनडीएम नावाचं विकर (एन्झाइम) तुम्ही ऐकलं असेल. ते प्रथम सापडलं २००८ मध्ये, भारतात दवाखान्यात राहून स्वीडनला परतलेल्या एका पेशंटच्या क्लेबसिएलात. हे विकर कार्बापेनेम गटाची (मेरोपेनेम त्यातलंच) औषधं तोडून टाकतं. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे महागडं औषधही एनडीएमपुढे एकटं चालत नाही, जोडीला अॅझट्रिओनाम द्यावं लागतं. म्हणजे पाश्चात्त्य देशांतला प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलून भागत नाही. कोणतं अँटिबायोटिक आधी द्यायचं, हे इथल्या जंतूंना विचारूनच ठरवावं लागतं.

या लढाईत एक मोठी बातमी आपल्याच राज्यातली आहे. झिडेबॅक्टम हा रेणू वोखार्टच्या छत्रपती संभाजीनगरातल्या संशोधन केंद्रातून आला. सेफेपिमबरोबर दिला की तो जिवाणूच्या भिंतीवर दुसऱ्या ठिकाणी घाव घालतो, त्यामुळे एनडीएमवाल्यांवरही चालतो. चेन्नईच्या ऑर्किडने शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तो ईएसबीएल जातीच्या, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स तोडणारी विकरं बनवणाऱ्या जंतूंसाठी. ही औषधं बनवताना कॅन्सर डोक्यात नव्हता, चाचण्या मुख्यतः लघवीच्या गंभीर इन्फेक्शनवर झाल्या. पण न्यूट्रोफिल शून्यावर असलेल्या पेशंटला यांची जितकी गरज आहे तितकी क्वचित कुणाला असेल.

मला इथे ऐकायचंय ते तुमचं. केमो घेऊन घरी आलेल्या माणसाला रात्री ताप आला तर तुमच्या गावात काय होतं?

जुळे_सोलापूरकर

ताई, धागा काढलात, फार बरं केलंत. माझ्या मुलाला एएलएल आहे, वय सात. उपचार मुंबईत, मधल्या काळात घरी. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरायचं, तिथून परळ, हे आता आमच्या अंगवळणी पडलंय. एकदा घरी असताना रात्री ताप चढला. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे क्रोसिनचं सिरप देऊन 'व्हायरल दिसतंय, सकाळी बघू' म्हणाले. बायकोने ऐकलं नाही, मुंबईच्या वॉर्डला फोन लावला, त्यांनी ताबडतोब अॅडमिट करायला सांगितलं. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पहाटे इंजेक्शन सुरू झालं. पोरगा आज शाळेचा अभ्यास करतोय. पण नेमका किती ताप म्हणजे धावायचं? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

हिमॅट_पुणे

मी मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात रक्तविकार विभागात काम करतो. दादा, वहिनींनी केलं ते अगदी योग्य.

आकडा असा. तोंडात थर्मामीटर धरून एकदाच १०१ फॅरनहाइट किंवा जास्त, अथवा १००.४ तासभर टिकून, याला आम्ही न्यूट्रोपेनियातला (न्यूट्रोफिल कमी असतानाचा) ताप म्हणतो. घरच्यांनी मात्र १००.४ दिसलं की थांबू नये, फोन करावा आणि निघावं. लहान मुलांचा ताप काखेत मोजतात, तो तोंडातल्यापेक्षा कमी येतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारातून कधीही मोजू नका, तिथे बारीक जखम झाली तरी जंतूंना वाट मिळते.

मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. तापाची खूण पुसली जाते आणि आजार आत चालूच राहतो. एएलएलच्या सुरुवातीच्या महिन्यात स्टेरॉइड चालू असतात, त्यांनीही ताप दबतो. तेव्हा थंडी वाजून अंग थरथरणं, पोटात खूप दुखणं, मूल एकदम मलूल होणं, हातपाय गार पडणं, यातलं काहीही ताप नसताना दिसलं तरी तितक्याच घाईने निघा.

आणि कल्चर आधी घ्यावं हे खरं, पण बाटली मिळत नाही म्हणून डोस लांबवायचा नसतो.

कल्चरवाली

डॉक्टर, शेवटचं वाक्य माझ्या लॅबच्या दारावर लावते. एक भर घालते. लाइन किंवा पोर्ट (कातडीखाली बसवलेलं, शिरेला जोडलेलं केमोचं द्वार) असेल तर एक बाटली त्यातून आणि एक हाताच्या शिरेतून घ्या, बाटल्यांवर तसं लिहा आणि रक्त पुरेसं भरा. दोन थेंब रक्तात जंतू सापडत नाहीत.

पद्मा_अक्का

मी पूर्व भागातली, माहेर-सासर दोन्हीकडे माग. आमच्या घरी तेलुगू बोलतात. म्हणून या विषयातली एक गोष्ट मला फार जवळची आहे, ती इथे लिहिते.

१९२८ च्या सुमारास लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या बाळंतिणी आणि गर्भार बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. लोहाने सुधारत नव्हत्या. विल्सबाईंनी त्यांचं जेवण तपासलं, माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, देऊन त्यांना बरं केलं. १९३१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फोलिक अॅसिड. आपल्या सोलापुरात जुनी मिल १८७७ ची. माझी आजी मिलमध्येच होती, आणि तिच्या पिढीतल्या अशक्त बायका आठवल्या की वाटतं, त्या संशोधनाची सुरुवात आपल्यासारख्याच घरांतल्या बायकांच्या रक्तापासून झाली.

पुढची कडी आमच्या भाषेतल्या माणसाची. येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, भीमावरमचा. त्यांचे भाऊ स्प्रू नावाच्या आतड्याच्या आजाराने गेले. हे अमेरिकेला गेले आणि पुढे लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्या चमूने फोलिक अॅसिड कारखान्यात बनवलं, जे स्प्रूवर औषध ठरलं. बोस्टनला सिडनी फार्बर यांना दिसलं, की ल्युकेमियाच्या मुलांना फोलिक अॅसिडसारखी द्रव्यं दिली तर आजार उलट भडकतो. मग फोलिक अॅसिडला अडवणारं काही मिळेल का? ते सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने दिलं, अमिनॉप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बरनी सोळा मुलांचा अहवाल छापला, त्यांतल्या दहांना उतार पडला होता. तात्पुरता, पण तोवर मुलांच्या या ल्युकेमियाला कुणी औषधाने हलवलंच नव्हतं. त्याचाच भाऊबंद मेथोट्रेक्सेट, जो आजही एएलएलच्या मुलांना देतात.

आणि या धाग्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. त्याच लेडर्लीत, सुब्बारावांच्याच कारकिर्दीत, बेंजामिन डुगर यांनी मातीतल्या बुरशीसारख्या जंतूतून ऑरिओमायसिन काढलं, टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं अँटिबायोटिक. तेही १९४८ चंच. कॅन्सरवरचं औषध आणि जंतूंवरचं औषध एकाच छताखाली, एकाच माणसाच्या देखरेखीखाली तयार झालं. हत्तीरोगाच्या मोहिमेत सरकार ज्या डीईसीच्या गोळ्या वाटतं, त्याही तिथल्याच. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. आमच्या समाजातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? मी शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते.

हिमॅट_पुणे

अक्का, किती सुंदर लिहिलंत! मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर सगळ्यांसाठी: एएलएलच्या देखभाल टप्प्यात ही गोळी आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर लिहा.

मंगळवेढ्याची_लेक

माझ्या सासऱ्यांना मायलोमा. जेवणाबद्दल विचारायचंय. डिस्चार्जच्या कागदावर 'कच्चं काही नाही' एवढंच लिहिलंय. दह्याला नाही म्हणतात, फळांना नाही म्हणतात, मामंजी नुसत्या खिचडीवर कंटाळून गेलेत. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जायचं म्हणतात. कडक भाकरी आणि शेंगा चटणीशिवाय त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही.

कल्चरवाली

ताई, यावर खरंच चांगलं संशोधन झालंय आणि ते दिलासा देणारं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत एएमएल या ल्युकेमियाच्या पेशंटांचे दोन गट केले. एकाला सगळं शिजवलेलं, दुसऱ्याला ताजी कच्ची फळं-भाज्याही. गंभीर इन्फेक्शनमध्ये आणि मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. २०१८ मध्ये मुलांवर झालेल्या चाचणीतही असंच निघालं, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या चाचणीत स्टेमसेल ट्रान्सप्लांटच्या पेशंटांतही. कडक पथ्याने इन्फेक्शन टळत नाही, उलट खाणं कमी होऊन वजन उतरतं.

पण त्या सगळ्या चाचण्यांत अन्नाची स्वच्छता पाळलेली होती. आपल्याकडे ते जमवणं हीच खरी मेहनत. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, घरोघरी पिंपं भरलेली. साठवलेल्या पाण्यात स्यूडोमोनाससारखे जंतू मजेत वाढतात. पेशंटचं पिण्याचं पाणी उकळून, झाकणाच्या तोटीवाल्या भांड्यात वेगळं ठेवा, त्यात हात आणि वाटी बुडवू नका. फळ जाड सालीचं घ्या, धुऊन, घरी सोलून द्या. भाकरी चालेल, ताजी भाजलेली सगळ्यात उत्तम. चटणी घरी, शेंगा निवडून, खवट आणि बुरशी लागलेल्या काढून, खरपूस भाजून, थोडी थोडी करा. हुरडा शेकोटीतून गरम गरम निघतो तो भाग ठीक, पण चोळणारे दहा हात, शेतातली धूळ आणि गर्दी हे पेशी खाली असताना नको. एएनसी वर आला की डॉक्टरांना विचारून जरूर जा. दह्याबाबत तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

मायलोमाबद्दल एक वेगळा अभ्यास आहे. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या पेशंटांना पहिले बारा आठवडे रोज लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, तर ताप आणि मृत्यू दोन्ही घटले. २०१९ चा अहवाल. आपल्याकडे आतड्यातले बरेच जंतू या औषधाला आधीच सरावलेले आहेत, म्हणून इथे तेवढा फायदा होईलच असं मला वाटत नाही. हीच चाचणी महाराष्ट्रात व्हायला हवी.

मंगळवेढ्याची_लेक

मनापासून आभार. उद्याच शेंगा निवडायला बसते.

राउत_फार्मसी

मी औषधांच्या दुकानात उभा असतो म्हणून बुरशीबद्दल लिहितो, कारण त्यातली चूक आमच्या काउंटरवर होते.

न्यूट्रोफिल फार दिवस खाली राहिले की जिवाणूंच्या पाठोपाठ बुरशी येते. अॅस्परजिलस ही बुरशी धुळीत असते. घरात रंगकाम, भिंत पाडणं, शेजारी जुना वाडा उतरवणं चालू असेल तर पेशंटला दुसरीकडे हलवा. २००२ मध्ये या बुरशीवरच्या व्होरिकोनॅझोलची जुन्या अॅम्फोटेरिसिनशी तुलना झाली, तेव्हा बारा आठवड्यांनी जिवंत असलेले पेशंट ७१ टक्के विरुद्ध ५८ टक्के निघाले. २००७ मध्ये एएमएलमध्ये पोसाकोनॅझोल आधीपासूनच दिलं तर बुरशीचं इन्फेक्शन आणि मृत्यू कमी होतात हे दिसलं. म्युकर या दुसऱ्या बुरशीवर मात्र व्होरिकोनॅझोल चालत नाही, तिथे लिपोसोमल अॅम्फोटेरिसिनच. २०२१ मध्ये त्याच्या एकेका व्हायलसाठी लोक जिल्हाभर फिरत होते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आता चुकीचं. ही 'झोल' गटाची औषधं यकृतातलं एक विकर अडवतात, त्यामुळे कॅन्सरची काही औषधं अंगात साठत जातात. एएमएलमध्ये व्हेनेटोक्लॅक्स देतात, त्याचा डोस एरवी ४०० मिलिग्रॅम, पोसाकोनॅझोलबरोबर तो ७० वर आणतात. केवढा फरक! मुलांच्या एएलएलमध्ये व्हिन्क्रिस्टिनबरोबर इट्राकोनॅझोल पडलं तर नसांना जबर इजा होऊ शकते. आणि इट्राकोनॅझोल आपल्याकडे नायट्यासाठी चिठ्ठीशिवाय मागतात. ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या घरी कुठलीही गोळी आणताना दुकानदाराला आजार सांगा. आम्ही विचारलं नाही तरी सांगा.

नवीपेठकर

आमच्या नात्यात एकांना ल्युकेमिया आहे. कर्नाटकात एक जण काढा देतात, रिपोर्ट सुधारतात म्हणे. देऊन बघायला काय हरकत?

हिमॅट_पुणे

काका, हरकत आहे, आणि ती परंपरेला नाही. एपीएमएल नावाच्या ल्युकेमियावर आज सगळ्यात प्रभावी औषधांपैकी एक म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. सोमल. ते चीनमधल्या पारंपरिक औषधातूनच हार्बिनच्या डॉक्टरांनी वर आणलं. वेल्लोरच्या सीएमसीत डॉ. विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी भारतात बनवलेलं आर्सेनिक एकट्याने वापरून खूप चांगले निकाल मिळवले आणि २००६ मध्ये ते छापले. ज्या पेशंटांना महाग उपचार परवडले नसते ते त्यामुळे वाचले. मात्र तिथे शुद्धता तपासली होती, डोस मिलिग्रॅममध्ये ठरला होता, ईसीजी बघितला जात होता.

अनोळखी काढ्यात काय आहे हे कुणीच मोजलेलं नसतं. कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने पेशी काही दिवस सुधारल्यासारख्या दिसतात आणि ताप झाकला जातो. न उकळलेल्या पाल्याच्या चूर्णात बुरशीचे बीजाणू असतात. पेशी खाली असताना हे पोटात जायला नको. त्यांचं नेमकं निदान काय आहे ते विचारून इथे लिहा, काय करता येईल ते सांगतो.

नवीपेठकर

सीएमएल लिहिलंय कागदावर. गोळी सुरू केली होती, मध्येच सोडली.

हिमॅट_पुणे

मग तर लगेच पुन्हा सुरू करायला लावा! सीएमएल हा ल्युकेमियांतला सगळ्यात आटोक्यात येणारा आजार. त्यावरचं इमॅटिनिब २००१ मध्ये आलं. त्याच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी सुरूच राहिली. नियमित घेणारे कितीतरी जण नोकरी-धंदा करत आयुष्य काढतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा. सोडू मात्र नका.

नवीपेठकर

आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. लई उपकार झाले बगा डॉक्टर.

बार्शीचा_शंकर

संशोधन म्हटलं की लोक बोस्टन आणि मुंबईकडे बघतात. आमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी आहे, भारतातली पहिली ग्रामीण नोंदणी. नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या लोकांनी टाटाच्या बरोबरीने शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख तीस हजारांहून जास्त बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास केला. एकाच एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले, हा निकाल २००९ मध्ये छापून आला आणि जगभरच्या धोरणांत वापरला गेला. गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्या इथल्याच होत्या.

मग केमोनंतर ताप आलेला पेशंट घरून निघाल्यापासून पहिलं इंजेक्शन मिळेपर्यंत किती वेळ जातो, एवढं साधं मोजायला आपल्याला काय अडचण आहे? अकलूज, करमाळा, सांगोला, अक्कलकोट, प्रत्येक ठिकाणचं वेगळं उत्तर येईल. ते कळल्याशिवाय इंजेक्शन कुठल्या ग्रामीण रुग्णालयात ठेवायचं हे ठरणार कसं?

कल्चरवाली

शंकरदादा, अगदी माझ्या मनातलं. त्याला जोडून दुसरं: जिल्ह्यातल्या सगळ्या लॅबनी ब्लड कल्चरचे निकाल, नावं काढून, एकत्र ठेवले तर दर वर्षी सोलापूरचा स्वतःचा जंतू-औषध तक्ता निघेल. आज प्रत्येक डॉक्टर आपापल्या अनुभवावर औषध निवडतोय. सर्वोपचार रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज आपल्या गावात आहे, पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, प्रबंधाला विषय हवाच असतो. मी माझ्याकडून डेटा काढून द्यायला तयार आहे.

अस्मिता_के

कार-टीचं कुणीतरी नीट सांगाल का? बहिणीला लिम्फोमा दुसऱ्यांदा उलटलाय.

हिमॅट_पुणे

ताई, हा पर्याय जरूर विचारा. पेशंटच्याच टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढून त्यांना बी-पेशीवरची (ज्यांच्यापासून हा कॅन्सर होतो त्या) सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलबरोबर बनवलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बी-पेशींचा लिम्फोमा आणि पंधरा वर्षांवरच्यांचा बी-एएलएल, आधीचे उपचार चालले नसतील तर. २०२५ मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजीत आलेल्या निकालात सुमारे ७३ टक्के पेशंटांना प्रतिसाद मिळाला. खर्च अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी कमी, तरी लाखांत आहे.

पण कल्चरवाली ताईंचा मुद्दा इथेही लागू होतो. या उपचारानंतर चांगल्या बी-पेशीही जातात, अँटिबॉडी बनणं मंदावतं, न्यूट्रोफिल कोसळतात. कितीतरी महिने इन्फेक्शनवर नजर ठेवावी लागते, काहींना इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) द्यावं लागतं. म्हणजे उपचार मुंबईत झाला तरी पुढची राखण सोलापुरातच होणार. आणि आधी रिटुक्सिमॅब (बी-पेशी मारणारं लिम्फोमाचं औषध) दिलंय का? हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, तेवढं बघा. सुप्त हिपॅटायटिस बी त्या औषधाने उसळतो, आणि तो गोळीने रोखता येतो.

अस्मिता_के

रिटुक्सिमॅब झालंय. तपासणी फाइलमध्ये शोधते. धन्यवाद.

जुळे_सोलापूरकर

मी एक सुचवू? आपण सगळे मिळून इमर्जन्सीत दाखवायचं पत्र तयार करूया. मुंबईत आम्हाला इंग्रजीत दिलंय, पण रात्री घरात मी नसलो तर आईला ते वाचता येत नाही. रुग्णवाहिकेतल्या माणसालाही कळायला हवं.

कल्चरवाली

मसुदा लिहिते, डॉक्टर, दुरुस्त करा.

*तातडीच्या विभागातील डॉक्टरांस,*
*या रुग्णास रक्ताचा कर्करोग (प्रकार: ……) आहे. शेवटची केमोथेरपी दि. …… रोजी झाली. शेवटचा एएनसी: ……. ताप …… फॅरनहाइट, …… वाजल्यापासून.*
*न्यूट्रोफिल कमी असण्याची शक्यता असल्याने ही तातडीची परिस्थिती समजावी. सीबीसी व ब्लड कल्चर घेऊन, रिपोर्टची वाट न पाहता, एका तासाच्या आत शिरेतून पुढील अँटिबायोटिक सुरू करावे: …… (औषध व मात्रा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहावी).*
*स्नायूत इंजेक्शन देऊ नये. गुदद्वारातून तापमान किंवा औषध टाळावे.*
*आमच्या विभागाचा चोवीस तास चालू असलेला फोन: ……*

हिमॅट_पुणे

छान झालंय. तीन गोष्टी घाला. पेनिसिलिन वगैरेची अॅलर्जी लिहायला जागा. आधीच्या कल्चरमध्ये किंवा शौचाच्या तपासणीत कार्बापेनेमला न जुमानणारा जंतू सापडला असेल तर तो, कारण त्यावरून पहिलंच औषध बदलतं. आणि रक्तगट, प्लेटलेट कमी असणार म्हणून. ट्रान्सप्लांट ठरलं असेल तर घरच्यांचं रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत, हेही एका ओळीत लिहा.

राउत_फार्मसी

चालू औषधांची यादीही. विशेषतः 'झोल'.

पद्मा_अक्का

मी याचं तेलुगू करून देते. कन्नड कुणी करेल का? अक्कलकोटकडच्यांना लागेल.

मंगळवेढ्याची_लेक

माझं माहेर इंडीचं, कन्नड मी करते. मामंजींच्या फाइलमध्ये पहिलं पत्र लावते.

कल्चरवाली

सगळ्या दुरुस्त्या घातल्या. अॅलर्जी, आधीचा जंतू, रक्तगट, चालू औषधं, सगळ्यांना जागा केली आहे. दोन भाषांतरं आली की तिन्ही पत्रं याच धाग्यात एकत्र टाकते. ज्यांना हवंय त्यांनी औषधाची ओळ रिकामी ठेवून प्रिंट काढा आणि ती आपल्या डॉक्टरांकडूनच भरून, सही-शिक्क्यानिशी घ्या.